पिशवी अर्ध्या तासात संपते, मग वर्ष सुरू होतं

बीएमटी वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "ऑपरेशन कधी आहे?" ट्रान्सप्लांट म्हटलं की डोळ्यांसमोर थिएटरवरचा लाल दिवा येतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये थिएटर लागलंच तर ते दात्याला लागतं. रुग्ण आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर जागा असतो. सलाइनच्या स्टँडला एक पिशवी टांगलेली असते, आतला द्रव टोमॅटोच्या पातळ सारासारखा लालसर. छातीत बसवलेल्या नळीतून तो रक्तात उतरतो, रक्त चढवतात तसाच. पेशी आधी गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीत लसणासारखा उग्र वास पसरतो. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांत घातलेलं डायमिथाइल सल्फॉक्साइड रुग्णाच्या श्वासावाटे बाहेर पडत असतं. नर्स थोड्या थोड्या वेळाने ताप आणि रक्तदाब बघून जाते. अर्ध्या तासात पिशवी संपते. दात्याकडून ताजी मज्जा आणली असेल तर दोन-तीन तास लागतात.

"झालं?" आई विचारते.

"झालं."

डॉक्टरांच्या कॅलेंडरवर मात्र हा दिवस शून्य असतो. आधीचे दिवस उणे, पुढचे अधिक. वॉर्डात तारखेला कोणी विचारत नाही. "आज डे प्लस नाइन" असंच बोललं जातं. ही मोजणीच या उपचाराची खरी ओळख आहे. 'प्रत्यारोपण' या शब्दामुळे सगळ्यांचं लक्ष त्या पिशवीवर खिळतं. उपचार मात्र तिच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या वर्षात घडतो, आणि तो निम्मा रुग्णालयात, निम्मा घरात होतो.

हाडाच्या पोटातला कारखाना

मटणाची नळी चोखणाऱ्याला मज्जा माहीत असते ती पिवळट, तुपकट. प्रौढ माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांतही बरीचशी तशीच चरबी असते. काम करणारी लाल मज्जा असते ती धडाच्या हाडांत : कमरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या, मणके. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रक्त दुसरं आणि मज्जा सहावी. रक्त या मज्जेतच तयार होतं हे 1868 मध्ये एर्न्स्ट नॉयमान या जर्मन डॉक्टरने दाखवलं, तेव्हा तो क्रम उलटा वाचायची वेळ आली.

कारखान्याचा वेग अचाट आहे. दिवसाला सुमारे 20,000 कोटी लाल पेशी, म्हणजे सेकंदाला वीस लाखांहून जास्त. लाल पेशी 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी पहिली झुंज घेणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तर रक्तात जेमतेम दिवसभर. मज्जा बंद पडली की शरीर ज्या क्रमाने कोलमडतं तो या आयुष्यांवरूनच ठरतो : आधी जंतुसंसर्ग, मग रक्तस्राव, शेवटी अशक्तपणा. हे सगळं उत्पादन मूठभर मूळपेशींवर चालतं. 1961 मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून त्यांचं अस्तित्व सिद्ध केलं. एक मूळपेशी स्वतःसारखी दुसरी घडवू शकते आणि रक्तातली कुठलीही पेशीही घडवू शकते. ट्रान्सप्लांटच्या पिशवीत खरा ऐवज असतो तो याच पेशींचा. म्हणून अनेक डॉक्टर आता 'स्टेम सेल ट्रान्सप्लांट' म्हणतात.

हे करायची वेळ तीन प्रकारच्या आजारांत येते. कारखान्यात बंडाळी माजली, म्हणजे ल्युकेमिया. कारखाना ओस पडला, म्हणजे अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया. किंवा जन्मापासून साचाच चुकीचा, म्हणजे थॅलसेमिया, सिकल सेल, प्रतिकारशक्तीच नसलेली बाळं. या तिन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या पेशी लागतात; हे अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांट.

मायलोमा आणि काही लिम्फोमांत गणित वेगळं असतं. तिथे किमोचा इतका मोठा डोस द्यायचा असतो की मज्जाही जळून जाईल. म्हणून रुग्णाच्याच पेशी आधी काढून गोठवतात आणि डोसानंतर परत देतात. हे ऑटोलोगस ट्रान्सप्लांट. इथे औषध ती किमो असते, पिशवी फक्त सुटका करते. दोन्हींना नाव एकच, पण धोका आणि पुढचं आयुष्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑटोमध्ये उपचारामुळेच दगावणारे शंभरात एक-दोन. अ‍ॅलोमध्ये आजार, वय आणि जुळणी यांप्रमाणे दहा-वीस किंवा अधिकही. "शेजारच्या काकांचं ट्रान्सप्लांट झालं, ते तर दोन महिन्यांत कामाला लागले," असं कोणी सांगितलं की आधी विचारावं, कुठलं?

हिरोशिमा ते परळ

या शास्त्राची सुरुवात अणुबॉम्बच्या राखेत झाली. हिरोशिमा-नागासाकीत स्फोटातून वाचलेली माणसं काही आठवड्यांनी रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने मरू लागली, कारण किरणांनी मज्जा संपवली होती. 1951 मध्ये लॉरेन्झ यांनी दाखवलं की मारक किरण दिलेल्या उंदरांना दुसऱ्याची मज्जा टोचली तर ते जगतात. 1957 मध्ये अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांवरच्या प्रयत्नांचा अहवाल प्रसिद्ध केला. सहापैकी कोणीही शंभर दिवस काढू शकलं नाही. साठच्या दशकात बऱ्याच जणांनी हा नाद सोडला. थॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले आणि जुळणी, किरणांचा डोस, नंतरची औषधं यांचं एकेक कोडं सोडवत गेले. पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी 1958 मध्ये पांढऱ्या पेशींवरची ओळखचिन्हं शोधली होती. आज त्यांना एचएलए म्हणतात. ही चिन्हं जुळवता येऊ लागल्यावर 1968 मध्ये मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला बहिणीची मज्जा दिली आणि ते बाळ जगलं. दोसेंना 1980 मध्ये नोबेल मिळालं, थॉमसना 1990 मध्ये.

भारतात हा उपचार पहिल्यांदा झाला तो मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, 1983 च्या मार्चमध्ये. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. करणारे डॉ. सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरून वॉर्ड फिरणारे अडवाणी सिएटलला थॉमस यांच्याकडे हे तंत्र पाहून आले होते. पुढे टाटाचा हा विभाग खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 1986 पासून, विशेषतः थॅलसेमियाच्या मुलांसाठी, मोठं काम उभं केलं. मुंबई महापालिकेनेही बोरिवलीत थॅलसेमियाग्रस्त मुलांसाठी स्वतंत्र केंद्र चालवलं आहे.

छत्तीस गुण आणि दहापैकी दहा

रक्तगट जुळला की काम झालं, असा समज सर्रास दिसतो. मज्जेला रक्तगटाचं फारसं देणंघेणं नाही. उलट ट्रान्सप्लांटनंतर रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. लायसन्सवर ए पॉझिटिव्ह छापलेलं आणि अंगात ओ पॉझिटिव्ह, अशी माणसं आपल्यात फिरत आहेत. जुळावी लागतात ती एचएलए चिन्हं. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात : एक गठ्ठा आईकडून, एक बाबांकडून. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडं असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता 58 टक्के, एकच असेल तर 25. कुटुंबं लहान झाली तसा दाताही दुर्मीळ झाला.

मग वळायचं नोंदणीकृत दात्यांकडे. जगभरातल्या नोंदवह्यांत आज चार कोटींहून अधिक लोक आहेत. पहिली नोंदवही 1974 मध्ये लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने सुरू केली, आपल्या अँथनी या मुलासाठी. त्याला दाता कधीच मिळाला नाही. 1979 मध्ये तो गेला, नोंदवही राहिली. भारतात चेन्नईची दात्री 2009 पासून हे काम करते, पण आपल्याकडचे एकूण नोंदणीकृत दाते लोकसंख्येच्या मानाने चिमूटभर. पिढ्यान्‌पिढ्या जातीत लग्नं झाल्यामुळे एचएलएचे गठ्ठेही जातीजमातींच्या कुंपणात राहिले आहेत. युरोपातल्या लाखो दात्यांत एखाद्या आगरी किंवा भिल्ल मुलाची जुळणी सापडणं अवघड. ती सापडली तर त्याच्याच माणसांत सापडेल, आणि तीच माणसं नोंदवहीत नसतात.

त्याला एक कारण भाषेतलंही आहे. 'मज्जा' ऐकलं की मराठी माणसाला 'मज्जारज्जू' आणि 'मज्जासंस्था' आठवते. पाठीच्या कण्यातून काहीतरी काढणार, पोराला लकवा होणार, लग्न अडणार, अशा भीतीने घरचे नकार देतात. मज्जारज्जूचा इथे काडीचा संबंध नाही. बहुतेक दात्यांना चार-पाच दिवस जीसीएसएफची इंजेक्शनं देतात. त्यांनी मूळपेशी मज्जेतून रक्तात येतात, अंग तापात दुखतं तसं दुखतं. मग दाता चार-सहा तास मशीनला जोडून पडतो. एका हातातून रक्त जातं, मूळपेशी गाळल्या जातात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम देतात. प्रत्यक्ष मज्जा काढायची असेल तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने ओढतात. बसल्यावर काही दिवस ठणकतं आणि काही आठवड्यांत मज्जा भरून येते.

लग्नाच्या पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुणांवर भागतं. इथे अनेक वर्षं दहापैकी दहा एचएलए चिन्हं जुळण्याचा हट्ट होता. आता तोही ढिला झाला आहे. आई, बाप, मूल ही नाती निदान अर्धी जुळतातच, आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करता येतं. युक्ती अशी : पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायचं. परक्या शरीराला पाहून चवताळलेल्या पेशी तोवर भराभर विभागू लागलेल्या असतात, त्या मरतात; शांत मूळपेशी तगतात. हे औषध जुनं आणि स्वस्त. भारतासारख्या देशात या एका शोधाने 'दाता नाही' हे वाक्य पुष्कळ घरांतून हद्दपार केलं.

उणे सात : राब भाजणे

कोकणात भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. पाला, शेण, कवळं पसरून जमीन पेटवतात. तणाचं बी जळतं, मग भात रुजतो. कंडिशनिंग म्हणजे हेच. शून्य दिवसाच्या आधीच्या आठवड्यात मेल्फलान, बुसल्फान, फ्लुडॅराबिन, सायक्लोफॉस्फमाइड यांपैकी औषधं किंवा अख्ख्या अंगाला किरण देतात. उद्देश दोन : राहिलेला आजार मारणं आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी झोपवणं की ती पाहुण्या पेशींना हाकलून देणार नाही. हा डोस गेला की परतीची वाट उरत नाही. पिशवी आलीच पाहिजे. वयस्क किंवा अशक्त रुग्णांसाठी हल्ली सौम्य कंडिशनिंग वापरतात. त्यात जमीन पुरती भाजत नाहीत, उरलेलं तण नव्या पेशींनी संपवावं अशी अपेक्षा असते.

या आठवड्यातले बचावाचे उपाय कधी फार साधे असतात. मायलोमाच्या रुग्णाला मेल्फलान चढत असताना नर्स तोंडात बर्फाचे खडे चघळायला देते. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि पुढे येणारे तोंडातले फोड कमी होतात. लाखोंच्या उपचारात इतका गुणी उपाय बर्फाच्या ट्रेमधून येतो.

याच आठवड्याआधी एक प्रश्न विचारून घ्यायचा असतो आणि आपल्याकडे तो संकोचाने राहून जातो : पुढे मूल हवं आहे का? जोरदार कंडिशनिंगनंतर वंध्यत्व येण्याची शक्यता मोठी असते. तरुण मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवायला फार वेळ लागत नाही, पण त्यासाठी एकोणीस वर्षांच्या पोराशी त्याच्या आईबापांसमोर हे बोलावं लागतं.

अधिक एक ते अधिक शंभर

शिरेतून गेलेल्या मूळपेशी हाडात कशा पोहोचतात? रक्तातून फिरत फिरत त्या मज्जेतल्या रासायनिक खुणा ओळखतात आणि तिथेच थांबतात. कोणी दाखवून द्यावं लागत नाही. मात्र रुजायला वेळ लागतो. ऑटोमध्ये साधारण दहा ते चौदा दिवस, अ‍ॅलोमध्ये दोन ते तीन आठवडे, गर्भनाळेच्या रक्तातल्या पेशी असतील तर त्याहून जास्त.

हे मधले दिवस सर्वांत कठीण. पांढऱ्या पेशी शून्याजवळ, तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोललेलं, थुंकीही गिळवत नाही. वेदनेसाठी मॉर्फिन, ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक. खोलीत गाळून घेतलेली हवा, दार उघडलं तरी बाहेरची हवा आत येऊ नये असा दाब. दाराबाहेर घरच्यांची वेगळीच धावपळ. प्लेटलेट्ससाठी रोज दाता लागतो. 'एसडीपी डोनर हवा, तातडीने' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा निरोप बहुधा अशाच एखाद्या खोलीतून निघालेला असतो. दिलेली प्रत्येक पिशवी आधी किरणांखालून काढतात, नाहीतर अनोळखी दात्याच्या पेशीच रुग्णावर उलटतील.

मग एका सकाळी रिपोर्टवर शंभर दिसतात. दुसऱ्या दिवशी दोनशे. "काउंट आले" ही बातमी वॉर्डबॉयपासून सगळ्यांना कळते. न्यूट्रोफिल्स सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की रोप रुजलं असं मानतात. तोंडातले फोड त्याच सुमाराला भरू लागतात, कारण ते भरून काढायलाही याच पेशी लागतात. घरचे पेढे वाटतात. अ‍ॅलोच्या रुग्णाचे डॉक्टर मात्र आता त्वचा, जुलाब आणि कावीळ यांवर नजर ठेवू लागतात.

वाचवणारा आणि मारणारा एकच

किडनी बदलली तर शरीर नव्या किडनीला नाकारतं. मज्जा बदलली तर गोष्ट उलटी होते : नवी मज्जा शरीराला नाकारते. रुजते ती नवी प्रतिकारशक्ती, आणि तिच्या दृष्टीने हे अख्खं शरीर परकं. तिच्या या हल्ल्याला जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज) म्हणतात. तळहातांवर पुरळ, हिरवट पाण्यासारखे जुलाब, कावीळ ही तीव्र जीव्हीएचडीची लक्षणं. शंभर दिवसांनंतर, कधी त्याआधीही, जुनाट रूप दिसतं : डोळे कोरडे, तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास उतरत नाही, त्वचा ताठर, फुप्फुसं आकसलेली. यासाठी सायक्लोस्पोरिनसारखी औषधं महिनोन्‌महिने चालतात आणि भडका उडाला तर स्टेरॉइड.

मग दात्याच्या पेशींतून या लढाऊ पेशी गाळूनच का टाकत नाहीत? ते करून पाहिलं. जीव्हीएचडी कमी झाला, पण ल्युकेमिया जास्त वेळा परतला. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्या रुग्णांतही हेच दिसलं : जीव्हीएचडी नाही, पण आजार परतण्याचं प्रमाण अधिक. म्हणजे ल्युकेमिया बरा करणारी गोष्ट निव्वळ किमो नव्हतीच. दात्याच्या पेशी ज्या नजरेने त्वचेला परकं मानतात त्याच नजरेने ल्युकेमियाची पेशी हुडकून मारतात. 1990 मध्ये म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी आजार परतलेल्या रुग्णांना त्याच दात्याच्या लढाऊ पेशी पुन्हा टोचल्या आणि आजार हटला. त्यामुळे ल्युकेमियाच्या रुग्णाला थोडासा जीव्हीएचडी झाला तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, आणि घरच्यांना ते कोड्यात टाकतं. थॅलसेमियाच्या मुलाला मात्र या युद्धाचा काहीच फायदा नाही; त्याच्यात मारायला कॅन्सर नसतो. त्याच्यासाठी जीव्हीएचडी म्हणजे निव्वळ तोटा.

घरचं वर्ष

डिस्चार्ज म्हणजे बरं झालं असं नव्हे. अ‍ॅलोच्या रुग्णाने शंभर दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहावं असं सांगतात, कारण ताप रात्री दोनला येतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या कुटुंबाला याचा अर्थ खारघरला किंवा परळला भाड्याची खोली, एका कमावत्या माणसाची सुटलेली मजुरी आणि गावी आजीकडे ठेवलेलं दुसरं मूल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने टाटाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं आसरा दिला, सेंट जूडसारख्या संस्थांनी मुलांसाठी स्वच्छ, स्वतंत्र खोल्या उभ्या केल्या. ही निवारा-व्यवस्था समाजकार्याच्या सदरात मोडते; तिची नोंद औषधांच्या यादीत व्हायला हवी.

घरातले नियम बारीकसारीक असतात, पण त्यांमागे एकच तर्क आहे : बुरशी आणि जंतू कुठे राहतात ते ओळखा. खिडकीतली कबुतरं, कुंडीतली ओली माती, माळ्यावरची धूळ, शेजारच्या मजल्यावर चाललेलं फरशीचं काम, सगळ्यांपासून लांब. दिवाळीची साफसफाई रुग्ण घरात असताना काढायची नाही. जेवण ताजं आणि शिजवलेलं. रसवंतीचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं बंद; स्वतः धुऊन सोललेलं केळं चालतं. पूर्वी आहाराचे निर्बंध फार कडक होते. त्यांनी जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलं नाही, त्यामुळे आता भर स्वच्छतेवर आहे.

आपल्याकडे एक जास्तीचा धोका प्रेमाने घरात येतो : काढा. "प्रतिकारशक्ती वाढेल" म्हणून मावशी गुळवेल घेऊन येते. अ‍ॅलोच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, ती वाढवणं म्हणजे जीव्हीएचडीला आवतण. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं मुंबईच्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहेत. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातलं आपलं पपनस यांनी सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढू शकते. गणपतीच्या दिवसांत हे लक्षात ठेवायचं.

थकवा मात्र कुठल्याही रिपोर्टवर दिसत नाही. जिना चढून आल्यावर अर्धा तास पडून राहावं लागतं, आमटी धातूसारखी लागते, वाचलेलं पान आठवत नाही. काउंट नॉर्मल, केस परत आलेले, म्हणून घरच्यांना वाटतं आता आळस करतोय. ऑटोनंतर बहुतेक जण तीनेक महिन्यांत कामावर जातात. अ‍ॅलोनंतर सहा महिने ते वर्ष, कधी अधिक. सांभाळणारीही थकलेली असते. बहुधा ती आई किंवा बायको असते आणि तिच्या तब्येतीची फाइल कोणी उघडत नाही.

पैसा, पर्याय आणि पुढचं

थॅलसेमिया घेऊन भारतात दरवर्षी अंदाजे दहा ते बारा हजार मुलं जन्मतात. लहान वयात, यकृत चांगलं असताना, जुळणाऱ्या भावंडाकडून ट्रान्सप्लांट झालं तर दहातली नऊ मुलं बरी होऊ शकतात. इटलीत पेझारोच्या गुईदो लुकारेल्ली यांनी या बाबतीत नेमकं काय पाहायचं ते दाखवून दिलं : यकृत किती वाढलंय, त्यात व्रण आहेत का, आणि वारंवार रक्त दिल्याने साठणारं लोह गोळ्यांनी नीट काढलं गेलंय का. म्हणजे ट्रान्सप्लांटचं यश त्याआधीच्या पाच-सात वर्षांत तालुक्याच्या रक्तपेढीत आणि लोह काढणाऱ्या गोळ्यांच्या पुरवठ्यात घडत किंवा बिघडत असतं. खर्च लाखांत असतो. कोल इंडियाच्या निधीतून 2017 पासून चालणाऱ्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती उपचाराला. खोलीभाडं, बुडालेली मजुरी त्यात बसत नाही.

बऱ्या झालेल्या मुलाविषयी एक गोष्ट सांगायची राहून जाते. रक्त बदललं, बीज बदललेलं नाही. मोठं झाल्यावर हा मुलगा आपल्या मुलांना थॅलसेमियाचं जनुक देणारच, म्हणून जोडीदाराची थॅलसेमियासाठीची एचबीए-टू तपासणी त्याच्यासाठीही तितकीच गरजेची.

नव्या वाटाही निघाल्या आहेत. दात्याऐवजी रुग्णाच्याच मूळपेशींत जनुकीय दुरुस्ती करून त्या परत देण्याच्या कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-19 ला भारतात ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच लढाऊ पेशींना ल्युकेमिया-लिम्फोमाची पेशी ओळखायला शिकवतात, परदेशातल्या किमतीच्या साधारण दशांशात. या बातम्यांत सहज सुटणारा तपशील असा की कॅसजेव्हीआधीही बुसल्फान द्यावंच लागतं, राब भाजावाच लागतो. मग पुन्हा तेच उणे, शून्य आणि अधिक.

तर "झालं का?" या प्रश्नाला तारखेप्रमाणे उत्तर बदलतं. शून्याला पिशवी संपलेली असते. विसाव्या दिवशी काउंट आलेले असतात. शंभराव्याला जीव्हीएचडीचा पहिला अंदाज येतो. वर्षाने औषधं कमी होतात. नंतरही थायरॉइड, मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा आणि दुसरा कॅन्सर यांच्यासाठी दरवर्षी तपासणी चालूच राहते.

या हिशेबातला एक दिवस बाहेरच्या माणसालाही दिसू शकतो. जुन्या मज्जेबरोबर लहानपणच्या लसींची आठवणही गेलेली असते, म्हणून सहा महिने ते वर्षानंतर सगळ्या लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतात. चाळिशीचा गृहस्थ मास्क लावून लसीकरणाच्या बाकावर बसतो, आजूबाजूला मांडीवरची बाळं. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ यांच्या टोचण्या त्याच्या नव्या कार्डावर एकेक करून भरल्या जातात. गोवराचा रकाना तेवढा रिकामा राहतो. ती जिवंत लस आहे, आणि नव्या मज्जेला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय, तेही औषधं सुटलेली असतील तरच, ती देत नाहीत. शेजारच्या बाळाची आई विचारते, "तुम्ही कोणाला घेऊन आलात?"